वन्संची फिशप्लेट

कॉटखाली लोकांच्या ट्रंका असतात, जुन्या चपला असतात. आमच्या घरी मागच्या वर्षी एकवीस दिवस एक फिशप्लेट होती. केर काढताना ती दोनदा माझ्या अंगठ्याला लागली, म्हणून दिवसांचा हिशेब पक्का आहे.

रुळाचे दोन तुकडे जिथे समोरासमोर येतात, तिथे दोन्ही अंगांना एकेक जाड पोलादी पट्टी लावतात आणि आरपार चार बोल्ट घालून आवळतात. तीच फिशप्लेट. दोन फूट लांब, चौदा किलो वजनाची. गाडीची सगळी चाकं तिच्या भरवशावर या रुळावरून त्या रुळावर जातात आणि आत बसलेल्या माणसाला फक्त खटखट ऐकू येते. आमच्या वन्संना त्यातला प्रत्येक खट वेगळा ओळखता येतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. रेल्वेत चावीवाली. रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींना चाव्या म्हणतात. त्या ठोकत, सांध्यांचे बोल्ट आवळत सकाळी सहाला निघायचं, सात किलोमीटर एका रुळाने जायचं आणि दुसऱ्याने परत यायचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात कमरेएवढा पाना, काखेत गुंडाळलेली लाल झेंडी. पाठीवर डबा असायचा, तो मी भरलेला, आणि बरेचदा न खाता परत आलेला.

एकोणिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि एकविसाव्या वर्षी त्या माहेरी आल्या. कारण विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळायचं, आटे जुळले नाहीत, उगीच पिळत बसलं तर बोल्टही जातो आणि नटही. पुढे रेल्वेची भरती निघाली. वाळूचं पोतं पाठीवर घेऊन पळायची परीक्षा होती. रांगेतले पुरुष आधी हसले. वन्सं रेषेपलीकडे पोहोचल्या, पोतं खाली न ठेवताच परीक्षकाला म्हणाल्या, हे आता कुठे न्यायचं ते सांगा. त्यानंतर कुणी हसल्याचं ऐकिवात नाही.

त्यांना काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या मुकादमाने. शिकवायची रीत विचित्र. वन्संना डोळे मिटून उभं करायचा आणि चांगल्या-वाईट पट्ट्यांवर हातोडा मारत जायचा. चांगली पट्टी टण् वाजते. तडा असला तर भद्द. दोन्हींच्या मधले आवाजही असतात, ते ओळखायलाच वन्संचा एक अख्खा पावसाळा गेला. मुकादम कधीच गेला. वन्संच्या कानात मात्र तो अजून हातोडा मारत असतो.

तर मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, ओढ्यावरच्या पुलाआधीच्या वळणावर, वन्संनी एका सांध्यावर हातोडा मारला आणि भद्द आलं. त्यांनी पट्टी पुसली, वाकून पाहिली. दिसत काहीच नव्हतं. पुन्हा मारला. पुन्हा भद्द. गाडी यायला अकरा मिनिटं होती. बावन्न वर्षांच्या, गुडघे गेलेल्या आमच्या वन्सं झेंडी उलगडून गाडीच्या दिशेने पळत सुटल्या.

गाडी बेचाळीस मिनिटं उभी राहिली. गँग आली, पट्टी काढली, नवी लावली, गाडी सुटली. एरवी एवढ्यावर भागलं असतं. पण त्या गाडीला शेवटी मोठ्या साहेबांचा डबा जोडलेला होता आणि साहेबांना पुढे कुठेतरी वेळेवर पोहोचायचं होतं. त्यामुळे लाइनचे इन्स्पेक्टर जातीने धावत आले. पस्तिशीचे, बुटांना जपणारे. त्यांनी काढलेली पट्टी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, ही तर ठणठणीत आहे." मग गँगला सांगितलं, स्टोअरमध्ये चांगल्या पट्ट्यांच्या ढिगात टाका.

वन्सं म्हणाल्या, पाच मिनिटं द्या, खडू लावून दाखवते. इन्स्पेक्टरना पाच मिनिटं नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइप केलेला कागद वन्संसमोर ठेवला. 'माझ्या ऐकण्यातील चुकीमुळे गाडीस विनाकारण विलंब झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीसाठी जागा. सही केली की विषय संपला, बाई पुन्हा आपल्या लाइनवर. नाही केली तर चौकशी, आणि निकाल लागेपर्यंत ऑफिसात बसून रजिस्टर लिहायचं. चौकशीत चूक ठरली तर कायमचं तेच.

वन्संनी कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला.

खरं सांगायचं तर आम्हा दोघा नवराबायकोला ही शिक्षा ऐकून आतून बरंच वाटलं. पंखा, खुर्ची, सावली. रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळणारी मी, मला चौदा किलोमीटर कमी होणं म्हणजे लॉटरीच. नवरा तर म्हणाला, सही कर किंवा करू नकोस, ताई, दोन्हीकडून तुझा फायदाच आहे. वन्सं त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याने वर्तमानपत्र उघडलं.

त्याच संध्याकाळी त्या हातगाडीवर एक गोणपाट घेऊन आल्या. आत पट्टी. स्टोअरवाल्याला काय सांगितलं, तर माझी वस्तू राहिली आहे. त्याला वाटलं डबा असेल. पट्टीच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा ठिपका होता. काढली तेव्हाच वन्संनी खूण करून ठेवली होती.

मागच्या अंगणात त्यांनी माझा कपडे भिजवायचा टब घेतला, विचारलंही नाही, त्यात पट्टी ठेवली आणि वरून रॉकेल ओतलं. दोन तास तशीच ठेवली. मग काढली, फडक्याने इतकी कोरडी पुसली की हाताला वास सोडून काही लागेना. नवरा शाळेत लेखनिक आहे, घरात खडूंना तोटा नाही. सगळी पट्टी खडूने पांढरी केली आणि हातोडीने चार टोले दिले. पोलादात तडा असला तर त्यात मुरलेलं रॉकेल टोल्यासरशी बाहेर येतं आणि खडू ओला होतो. हेही मुकादमाचंच.

मधल्या दोन भोकांच्या वर, पट्टीच्या कडेपासून खाली, चार बोटं लांब काळपट रेष उमटली. केसासारखी, थोडी वाकडी.

नवऱ्याने चष्मा लावून पाहिलं, बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, रेष आहे, मान्य. पण ती पट्टी आता रुळावर नाही ना? मग भांडण कशासाठी?"

"ती चांगल्या पट्ट्यांच्या ढिगात होती. उद्या कुणीतरी उचलून दुसरीकडे लावली असती."

"आता कशी लावेल? इथे आहे आपल्याकडे. सही कर आणि मोकळी हो."

"आणि मी त्या कागदावर सही केली, तर पुढच्या वेळी भद्द आलं की मी काय करायचं? घड्याळ बघायचं? गाडीला कुणाचा डबा जोडलाय ते विचारून यायचं?"

नवऱ्यानेच पट्टी उचलून कॉटखाली सारली आणि त्यानंतर सही कर हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

ऑफिसातले वीस दिवस वन्संनी दात काढायला बसलेल्या माणसासारखे काढले. खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता. कारकून बाई सांगायची, रजिस्टर नीट लिहितात, पण गाडी गेली की पेन थांबतं. ऑफिस लाइनच्या कडेलाच. चौथ्या दिवशी अशीच गाडी गेली आणि वन्संनी त्यांच्या जागी लावलेल्या माणसाला निरोप धाडला, सिग्नलजवळचा तिसरा सांधा सैल झालाय, पाना घेऊन जा. त्याने जाऊन पाहिलं. दोन नट हाताने फिरत होते. ही गोष्ट इन्स्पेक्टरांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी खिडकी बंद करायला लावली. वन्सं म्हणाल्या, बरं झालं, धूळ येत होती. ऐकू तर तरीही येतच होतं.

एकविसाव्या दिवशी चौकशी. पट्टी पहाटेपासून रॉकेलमध्ये होती. मी बाजाराची जाड पिशवी घेतली, एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या, आणि आम्ही दोघी दोन जिने चढलो. प्रत्येक वळणावर थांबून. दुसऱ्या मजल्यावर शिपायाने विचारलं आत काय आहे. वन्संनी सांगितलं, पुरावा. वासामुळे त्याने मला बाहेर बसवायचं ठरवलं असावं, पण पिशवी वन्संना एकटीने नेता येईना हे दिसल्यावर आत सोडलं. मी दाराशी उभी राहिले.

मोठे साहेब पिकल्या केसांचे, थकलेले. टेबलावर काच. बाजूला इन्स्पेक्टर, फाइल उघडून. साहेबांनी सौम्यपणे विचारलं की इतकी वर्षं चांगली नोकरी झाली आहे, एका सहीने काय बिघडतं. वन्सं म्हणाल्या, आधी बघा, मग विचारा. शिपायाने न सांगता खिडकी उघडली.

त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, पट्टी पुसली, खडू फासला, टोले दिले. एक, दोन, तीन, चार.

काहीच उमटलं नाही.

इन्स्पेक्टरांनी फाइलचं पान उलटलं. मला वाटलं, एवढ्या वेळा पुसून तडा बुजला की काय, रॉकेल कमी पडलं की काय. वन्संनी मात्र हातोडी खाली ठेवली, मांडी घातली आणि पट्टीसमोर बसून राहिल्या, दूध तापायची वाट बघत बसावं तशा. साहेब घड्याळ बघणार, तेवढ्यात कडेशी एक काळा टिपका आला. टिपक्याची रेष झाली आणि सावकाश खाली उतरू लागली.

साहेब खुर्चीतून उठले, वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. इन्स्पेक्टर म्हणाले, ओरखडाही असू शकतो.

"असू शकतो," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक टाइप केलेला, तोच. दुसरा वहीचा, त्यावरचं अक्षर माझं, पण मजकूर त्यांनी सांगितलेला. 'ही फिशप्लेट मी तपासली. ती निर्दोष आहे. पुलाच्या वळणावर पुन्हा लावण्यास हरकत नाही.' खाली सहीसाठी जागा.

"मी तुमच्या कागदावर सही करते, साहेब. आधी या कागदावर तुमच्यापैकी कुणीतरी करा."

साहेबांनी वहीचा कागद वाचला आणि इन्स्पेक्टरांपुढे सरकवला. इन्स्पेक्टर म्हणाले की हे आपल्या अधिकारात बसत नाही. कागद पुन्हा साहेबांपुढे आला. पंख्याच्या वाऱ्याने दोन्ही कागद काचेवरून सरकायला लागले, तशी वन्संनी पट्टी उचलली आणि त्यांच्यावर ठेवली. काच तडकेल म्हणून साहेबांनी दोन्ही हात पुढे केले.

सही कुणीच केली नाही. पट्टी मात्र तिथेच राहिली. आम्ही रिकामी पिशवी घेऊन खाली उतरलो आणि जिन्याखाली चहा घेतला. वन्संचे हात कपाला वास लागेल इतके रॉकेलचे होते.

आठवड्याने दोन पत्रं आली. पहिल्यात एवढंच, की प्रकरण बंद करण्यात आले असून संबंधित कर्मचाऱ्याने पूर्ववत कामावर रुजू व्हावे. चूक कुणाची, तडा होता की नव्हता, एक अक्षर नाही. दुसऱ्यात सक्त ताकीद होती, परवानगीशिवाय रेल्वेची वस्तू घरी नेल्याबद्दल. खाली मिळाल्याची सही मागितलेली. नवरा भडकला. म्हणाला, हे परत पाठव, ताई, आता आपण सोडायचं नाही. सही कर म्हणून मागे लागणारा हाच.

वन्संनी चष्मा मागितला, पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे सही केली. तारीखही घातली.

"नेली होती मी घरी," त्या म्हणाल्या. "खऱ्या गोष्टीवर सही करायला मी कधी नाही म्हटलंय?"

सोमवारी सहाला त्या निघाल्या. गुडघ्यांना पट्टे बांधले होते, ते मीच बांधले. ढिगातल्या बाकीच्या पट्ट्या तपासाव्यात असा हुकूम काही निघाला नाही. पण महिनाभराने नवरा विचारू लागला, घरातले खडू जातात कुठे. मी सांगितलं नाही. दर सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की वन्सं स्टोअरकडे निघायच्या, आणि त्यांच्या पिशवीत फडकं, रॉकेलची बाटली आणि खडूंची पेटी मी स्वतःच भरून द्यायची.