पोस्टकार्डावरचा हात

लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले, तेव्हा घरात लिहिता येणारी मी एकटीच. नवरा सुरतेच्या गिरणीत. सासूबाई सांगायच्या आणि मी दौत-टाक घेऊन त्याला पोस्टकार्ड लिहायची. शेवटी शाळेत शिकवलेलं ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहिलं की त्या चिडायच्या. आशीर्वाद काय शाईने देतात? तो डोक्यावर हात ठेवून द्यायचा! डोकं सुरतेला, म्हणून मग त्या कार्डावरच तळहात टेकवायच्या.

एकदा पत्र लिहून मी भाकरीचं पीठ मळायला बसले होते. सासूबाईंनी तिथून उठवलं. “तुन्हा बी हात ठेव व.”

मी लाजले. बायको नवऱ्याला कसला आशीर्वाद देणार? तिने वाकायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या खेकसल्या, “ठेव म्हनस ना!”

घाबरून ओला हात तसाच टेकवला. शेवटची ओळ पार फिसकटली आणि तिच्यावर पिठाची बोटं उमटली. दुसरं कार्ड काही त्यांनी लिहू दिलं नाही.

होळीला नवरा घरी आला. ते कार्ड त्याच्या खिशात होतं. आईचा आशीर्वाद वाचता आला नाही, म्हणाला. मग हळूच, “पन हात तुन्हा शे.”