वंदनाचं एन्झाईम आणि माझा जळफळाट

आमच्या यवतमाळच्या लॅबमध्ये प्रयोग कमी व्हायचे, किस्सेच जास्त. रिसर्च करणारे दोघं, मी आणि वंदना. सर एक, फ्रिज एक. मग किस्से साचणार नाहीत तर काय होईल?

*

माझं एन्झाईम कापसाच्या मातीतल्या बॅक्टेरियाचं. तिचं आर्किया नावाच्या जिवांचं. उकळत्या झऱ्यात राहतात ते. त्यांच्या पेशीच्या आवरणातले लिपिड जगावेगळे, आणि ते लिपिड जोडणारं हे एन्झाईम. नाव इतकं लांब, की सर वाचताना मधे पाणी प्यायचे. पुण्याच्या एका लॅबनं तिला ते साध्या बॅक्टेरियात बनवायची सोय करून दिली होती. मले पुण्याहून साधं पत्र आलं नाही कधी.

*

कापसाच्या संकटाची ती वर्षं. टीव्हीवाले कॉलेजात आले. कापसाचा माणूस मी, म्हणून शर्ट बदलून आलो. त्यांनी वंदनाला उभं केलं.

"मॅडम, याचा कापसाला काय फायदा?"

"काहीच नाही."

तेच टीव्हीवर आलं. माझी आई म्हणाली, "पोरगी किती खरं बोलते."

*

एन्झाईम गरमीनं नासतं, म्हणून बर्फातच ठेवायचं, हा सरांचा नियम. लोडशेडिंग सुरू झालं की मी सायकलवर बर्फाच्या कारखान्यात. एकदा मी आणलेला सगळा बर्फ सरांनी तिच्या ट्यूबांना दिला. "तुयं काय, पुन्हा माती आणशील."

*

मग पुण्याची परिषद आली. जागा एकच. ज्याचं एन्झाईम आधी शुद्ध होईल, तो जाणार.

तिच्या एन्झाईममध्ये त्या साध्या बॅक्टेरियाचे प्रोटीन मिसळलेले. सहा महिने ती ते वेगळे करून राह्यली होती. तरी माझ्या पुढंच होती.

एका दुपारी ती डबा खायला गेली. मी तिची ट्यूब बर्फातून काढून सत्तर डिग्रीच्या पाण्यात ठेवली. खोटं कायले बोलू, निव्वळ जळफळाटानं ठेवली. अर्ध्या तासात दूध फाटावं तसं सगळं फाटलं. मी ट्यूब परत बर्फात खुपसली.

ती आली. ट्यूब अजून कोमट होती. तिनं गाळ काढला, वरचं पाणी तपासलं. बाकीचे सगळे प्रोटीन तळाशी बसले होते. वर तिचं एन्झाईम, एकटं, ठणठणीत. झऱ्यातलं ते, त्याले सत्तर डिग्री म्हणजे काय!

सर धावत आले. "केलं कसं हे?"

"यानं गरम केलं, सर. माझ्यासाठी. मले विचारलं पण नाही."

सरांनी माझी पाठ थोपटली. "असा दोस्त पाहिजे."

"हो ना," वंदना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पुण्याले जाताना एसटी स्टँडवर येजो. बॅग जड आहे."