चूलबंद आवतन

आमच्या जानेफळात लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक घरटी एका मानसाचं. दुसरं चूलबंद, म्हंजे घरातल्या साऱ्यांनी जेवाले यावं, त्या दिवशी चूल पेटवूच नाही. अन् आवतन असलं तरी पत्रावळी मांडल्यावर दुसरं बोलावनं यावंच लागते. त्याच्याबिगर उठून गेलं, तं लोक हावरट म्हंतात.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्सं झाली असतीन. गोजरबाई आमच्या शेजारची. नवरा मेला, लेकरूबाळ नाही. पन बाई मोठी बोलकी! कोनाच्याही घरी शेवया असोत, पाट घेऊन ही पहिली हजर. शालूबाई तिची जिवाची मैतरीन. शालूबाईच्या पोरीचं लग्न ठरलं, तं गोजरबाईनं महिनाभर तिथंच हाडं झिजवली. गहू निवडले, डाळ भरडली, हळद कुटली. मले म्हने, "एकटीले गिळाचा कंटाळा येते वो. त्या दिवशी साऱ्या गावासंगं जेवीन." महिनाभर हेच एक तोंडात.

अक्षता पडल्या, अन् गोजरबाई लुगडं बदलाले घरी आली. मांडवात राबनं येगळं, पंगतीत बसनं येगळं. म्हनून बोलावन्याची वाट पाहत ओट्यावर बसली. शालूबाई जळगाव जामोदच्या इहिनीच्या मागंपुढं. आमाले वाटलं, गोजरबाई सैपाकात असंन. सैपाकातल्यांले वाटलं, पंगतीत असंन.

हात धुऊन परतलो तं काय पाहावं! साऱ्या गावाच्या चुली गार, अन् गोजरबाईच्या छपरातून धूर. चूलबंदच्या दिवशी धूर म्हंजे लग्नघरच्या तोंडाले काळं. शालूबाई पदर सावरत पळत आली.

"अवो गोजरे, हे काय करून राह्यली? तू तं घरची! घरच्याले का बोलावनं लागते?"

गोजरबाईनं भाकर उलटली. "घरची? मंग घरचं मानूस जेवलं नाही, हे कोनालेच दिसलं नाही काऊन व?"

"चुकलंच माह्यं. चाल, ऊठ."

"उपाशी राहाची सवय हाय मले, शालू. तू इसरशीन, हे ठाऊक नव्हतं."

शालूबाई उंबऱ्यावर बसून रडली. गोजरबाईनं तिच्याकडं पाठ करून भाकर खाल्ली. मले असा राग आला साऱ्या गावाचा! एवढं गाव जेवलं, अन् एकालेही हिची आठवन येऊ नये?

त्यानंतर कोनाकडंही जेवन असो, दुसरं बोलावनं गोजरबाईच करे. कोनी सांगितलं नव्हतं. आधी एकट्या मानसाच्या दारी जाये. म्हाताऱ्या उकंडरावले म्हने, "ऊठ बाप्पा, तुह्यासाठी पंगत थांबली हाय." पंगत कायची थांबते, पन म्हातारा उठे.

पुढं शालूबाईही एकटी पडली. गोजरबाई तिच्याही दारी जाये, हाताले धरून आने, पंगतीत बसवे. शालूबाई दरखेपी बाजूच्या जागेवर हात ठेवून म्हने, "तू बस न व इथं."

"मले वाढाचं हाय," गोजरबाई म्हने, अन् दुसऱ्या पंगतीकडं निंघून जाये.