दहा बोअरची दुनळी आणि सुयांची पुंगळी

बंदुकीचे मालक: हुसेनमियाँ, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार आपटा, तालुका पनवेल.
साक्षीदार पहिला: गणपत, हुसेनमियाँच्या बांधाला बांध लागून असलेला शेतकरी.
साक्षीदार दुसरी: जैनबबी, हुसेनमियाँच्या पत्नी.
अर्ज लिहिणार: मी, रघुनाथ, आठवी पास, पनवेलला कचेरीबाहेर सत्तावीस वर्षे अर्जलेखनाचा व्यवसाय.
घटनेची वेळ: निवडणूक जाहीर झाल्यानंतरचा पहिला मंगळवार, सकाळी साडेअकरा.
घटनेचे ठिकाण: पोलीस ठाणे, मॅडमचे टेबल.

सदर टेबलावर हुसेनमियाँची दुनळी बंदूक आडवी ठेवलेली होती. निवडणुकीआधी लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, त्याप्रमाणे ती जमा करायला आम्ही गेलो होतो. जमा करण्याचा अर्ज मी लिहिलेला होता. दरवेळी शिपाई लायसन्सवरून पावती लिहितो आणि पाच मिनिटांत माणूस मोकळा होतो. या वेळी ठाण्याला नव्या इन्स्पेक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी बंदूक सांध्यात वाकवून उघडली, ठाण्यातले बारा बोअरचे एक डमी काडतूस मागवले आणि उजव्या नळीत सोडले. नळी हलवताच काडतूस लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखे वाजले.

"लायसन्सवर काय लिहिलंय?"

"बारा बोअर," मी उत्तर दिले.

"ही बारा आहे?"

"मॅडम, कागदावर बारा आहे."

"काका, मी कागदाचं विचारत नाहीये. बंदुकीचं विचारतेय."

त्यांनी पट्टी लावून नळीचे तोंड मोजले. बंदूक दहा बोअरची निघाली.

वाचकांसाठी खुलासा करतो. बोअर म्हणजे नळीच्या तोंडाचे माप. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. त्याच शिशाचे दहाच गोळे केले, तर प्रत्येक गोळा मोठा होतो आणि नळीही मोठी लागते. म्हणजे आकडा लहान, तोंड मोठे. आपल्याकडे सरसकट बारा बोअरच दिसते. दहा बोअर ही जुन्या काळी परदेशातून आलेली, वजनदार आणि आता दुर्मीळ वस्तू आहे.

मॅडमनी लायसन्स मिटले. "चाचा, मग बाराची बंदूक कुठेय? कुणाला विकलीत?"

हुसेनमियाँ उठून उभे राहिले. "विकली? मॅडम, ही माझ्या अब्बांची अमानत. आमच्या घरात दुसरी बंदूक कधी नव्हतीच."

"लायसन्स बाराचं, हातात दहाची. बाराची गायब आणि दहाची बिनलायसन्स. दोन गुन्हे होतात, चाचा. शुक्रवारपर्यंत काय पुरावा असेल तो दाखवा. नाहीतर मला लिहावं लागेल."

लायसन्सवर बंदुकीचा नंबर असता, तर प्रश्न तिथेच मिटला असता. परंतु नंबराच्या रकान्यात "झिजलेला, वाचता येत नाही" अशी नोंद होती.

ही नोंद आणि "बारा बोअर" ही नोंद दोन्ही कुठून आल्या, हे मला त्याच क्षणी आठवले. पाताळगंगेला पूर आला त्या वर्षी हुसेनमियाँच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले आणि वडिलांच्या काळचे मूळ लायसन्स भिजून त्याचा लगदा झाला. दुय्यम प्रतीसाठीचा अर्ज मी लिहिला. पनवेलला मी पाहिलेले प्रत्येक लायसन्स बाराचे होते, म्हणून हात आपोआप बारा लिहून गेला. नंबर विचारला, तेव्हा हुसेनमियाँ म्हणाले होते, "झिजलाय, वाचता येत नाही. बंदूक घेऊन येऊ का, रघूभाऊ?" त्यावर मी म्हणालो होतो, "बंदूक कशाला? मला अर्ज लिहायचाय, शिकारीला जायचं नाही." आजूबाजूचे लोक हसले होते. मीही हसलो होतो. त्यानंतरचे प्रत्येक रिन्यूअल त्याच प्रतीवरून झाले आणि प्रत्येक अर्जाखाली लेखक म्हणून माझी सही आहे.

हे सर्व मी मॅडमना सांगायला हवे होते. मी गप्प राहिलो. सत्तावीस वर्षांत माझ्या अर्जात चूक निघाल्याचे पनवेलमध्ये कोणी ऐकलेले नव्हते.

हुसेनमियाँनाही तो दिवस आठवला असणार. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मॅडमना म्हणाले, "भूल माझीच असेल. मला उर्दू वाचता येतं, हे देवनागरी जेमतेम. रघूभाऊ लिहितात, मी अंगठ्यासारखी सही करतो."

हे वाक्य त्यांनी माझ्या बचावासाठी उच्चारले होते. मला ते दोन दिवस टोचायला पुरले.

बुधवारी मी आपट्याला गेलो. जागेवर जाऊन चौकशी करणे हे माझ्या व्यवसायात बसत नाही. पक्षकार माझ्याकडे येतो, मी पक्षकाराकडे जात नाही. परंतु प्रसंगच तसा होता.

प्रथम गणपतचा जबाब घेतला. तो वालाच्या शेतात उभा होता.

"ती बंदूक नाय, तोफ हाय," गणपत म्हणाला. "मी बारका होतो तवापासून तीच बगतो. डुकरा शेतात घुसली का यांचा बाप एक बार काडायचा. डुकरा पळायचीच, आमी पन पळायचो."

"दुसरी बंदूक पाहिलीस कधी त्यांच्याकडे?"

"दुसरी कशाला पायजे? हीच उचलताना मानूस वाकतो. आनि रघूभाऊ, इतक्या वर्सानी तुमी आज बगायला आलात?"

शेवटच्या प्रश्नाची मी नोंद घेतली नाही.

घरात हुसेनमियाँनी वडिलांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला. आत कोळशाच्या तुकड्यांबरोबर तेवीस जुनी कारखानी काडतुसे होती. कोळसा ओल शोषून घेतो, म्हणून तो घातलेला. आजची काडतुसे प्लास्टिकची असतात. ही जाड कागदाची होती, बुडाला पितळ. त्या पितळावर "१०" हा इंग्रजी आकडा ठसठशीत होता. परंतु ही काडतुसे कालही आणून ठेवता येतात, असे मॅडम म्हणू शकल्या असत्या. बिल नव्हते. विकणारा दुकानदार हयात नव्हता.

जैनबचाची खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. दोरा संपला, तशी त्यांनी सुई एका लहान नळकांड्यात टाकली आणि वर लाकडी बूच बसवले. ते नळकांडे म्हणजे उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. पितळेवर तोच दहाचा आकडा.

"चाची, हे कुठलं?"

"माझ्या निकाहच्या साली सासऱ्यांनी डुक्कर मारलं होतं, त्याची. मी नवीन होते, मला सुया ठेवायला दिली. तेव्हापासून तीच आहे."

"ही मला दोन दिवस द्या."

"आणि सुया?"

"दोनच दिवस, चाची. माझी जबाबदारी."

त्यांनी सुया पदराला टोचून ठेवल्या आणि पुंगळी माझ्या हातावर ठेवली. त्या वेळी माझ्या मनात एवढेच होते की, घरात दहाचे काडतूस पूर्वीपासून होते हे तरी यावरून दिसेल. पुंगळी याहून जास्त काही बोलू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

शुक्रवारी मॅडमनी आम्हाला पोलिसांच्या गोळीबार मैदानावर बोलावले. तेथे मानेसाहेब होते. ते आर्मोरर, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रांची तपासणी व दुरुस्ती करणारे कर्मचारी. त्यांनी पुंगळी भिंगाखाली धरली आणि विचारले, "ही कधीची?"

"यांच्या लग्नाच्या वर्षीची," मी हुसेनमियाँकडे बोट दाखवले.

"मग बंदूक उडवून बघू. प्रत्येक बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आदळून आपली खूण ठेवते. आत्ता उडवलेल्या पुंगळीची आणि या जुनीची खूण एक आली, तर बंदूक तीच. नाही आली, तर चाचा, तुमचं अवघड आहे."

हुसेनमियाँनी टोपी सारखी केली.

मानेसाहेबांनी घाई केली नाही. त्यांनी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, दोरीला टांगल्या आणि लाकडाने टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा स्वर निघाला. "दोन नळ्यांचा सांधा पक्का आहे. ढब्ब वाजल्या असत्या तर हात लावला नसता." मग आत गंज आहे का ते उजेडाकडे धरून पाहिले. मग नळ्यांची खालची बाजू तेलाच्या फडक्याने पुसली. तिथे कारखान्याच्या छापाच्या चौकटीत दहाचा आकडा कोरलेला होता, म्हणजे नळी कोणी मागाहून कोरून मोठी केलेली नव्हती. आणि त्याच्या शेजारी, स्वच्छ, बंदुकीचा नंबर होता.

"झिजलेला कोण म्हणालं?" मानेसाहेबांनी विचारले. "वरचा झिजलाय. खालचा कुणी पाहिलाच नाही."

माझ्या पिशवीत एक कागद होता. तो मी तसाच राहू दिला.

आम्ही सोबत आणलेल्या तेवीस काडतुसांपैकी कागद फुगलेली बारा त्यांनी बाजूला काढली. उरलेल्यांतली तीन निवडली. बंदूक खांद्याला कोणी लावली नाही. जुनी बंदूक आणि जुनी दारू यांचा भरवसा धरायचा नसतो. त्यांनी ती मोटारीच्या टायरांवर बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्हाला भिंतीआड उभे केले.

पहिले काडतूस. दोरी ओढली. टक्. पुढे काही नाही.

हुसेनमियाँ पुढे निघाले, तसे मानेसाहेब ओरडले, "चाचा, मागे! अजून मेलेलं नाही ते."

पूर्ण मिनिट थांबून त्यांनी ते काढले आणि पाण्याच्या बादलीत टाकले. दुसरे उजव्या नळीत घातले. टक्. मी "हेही फुकट" असे म्हणायला तोंड उघडले आणि तेवढ्यात बार झाला. टायर मागे सरकले. माझ्या कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली. ठिणगी पडल्यावर दारू उशिरा पेटणे, याला हँगफायर म्हणतात. त्या अर्ध्या क्षणात कोणी बंदूक उघडली असती, तर चेहरा राहिला नसता.

तिसरे डाव्या नळीत. ते तत्काळ उडाले. धूर आमच्या डोक्यावरून गेला.

मानेसाहेबांनी दोन्ही नव्या पुंगळ्या आणि जैनबचाचींची पुंगळी एका ओळीत मांडली. दुनळीत प्रत्येक नळीची पिन वेगळी असते. उजव्या नळीची खूण गोल व मधोमध होती. जुळली नाही. त्यांनी ती बाजूला सारली. डाव्या नळीची उचलली. खूण मध्यापासून थोडी खाली, आणि तिच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा ओरखडा. जुन्या पुंगळीवरही तसेच. त्यांनी भिंग मॅडमच्या हाती दिले. मॅडमनी बराच वेळ पाहिले आणि मग हुसेनमियाँना पाहू दिले.

"हा कोपरा तुटलेला आहे पिनचा," मानेसाहेब म्हणाले. "तेव्हाही तुटलेलाच होता."

हुसेनमियाँ भिंगातून पाहत म्हणाले, "अब्बांची आहे." एवढेच.

"बंदूक तीच, मान्य," मॅडम म्हणाल्या. "मग लायसन्सवर बारा आलं कुठून?"

"मॅडम, भूल माझीच..." हुसेनमियाँनी पुन्हा सुरुवात केली.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

पिशवीतला कागद मी बाहेर काढला. ते माझे स्वतःचे ॲफिडेव्हिट होते. गुरुवारी लिहिले होते, द्यावे की नाही हे शुक्रवारी सकाळपर्यंत ठरत नव्हते. बंदूक न पाहता बोअरची नोंद केली, नंबराची खात्री केली नाही, मालकाने बंदूक आणण्याची तयारी दाखवली असता ती नाकारली, असे तीन मुद्दे त्यात होते. आयुष्यात हजारो लोकांच्या वतीने लिहिले. स्वतःविरुद्ध हे पहिलेच.

मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचले. "सुंदर लिहिलंय, काका. एकही खाडाखोड नाही."

"माझ्या अर्जात खाडाखोड नसते."

"तीच असती तर बरं झालं असतं."

त्यांचे हे बोलणे योग्य होते, असे मी नमूद करतो.

गुन्हा दाखल झाला नाही. लायसन्सवर दहा बोअर व खरा नंबर अशी दुरुस्ती झाली आणि निवडणूक संपल्यावर बंदूक हुसेनमियाँना परत मिळाली. उरलेली काडतुसे धोकादायक ठरवून नष्ट करण्यासाठी जमा झाली. दहा बोअरची नवी काडतुसे इकडे मिळत नाहीत. म्हणजे बंदूक आता संपूर्ण कायदेशीर आहे आणि उडवण्यासारखे तिच्यासाठी काही नाही. डुकरे आली की गणपत पत्रा वाजवतो. मी हुसेनमियाँना याबद्दल वाईट वाटते का असे विचारले. ते म्हणाले, "उडवायची कुणाला होती, रघूभाऊ? अब्बांची वस्तू चोरीची ठरली नाही, बस."

माझ्या पद्धतीत एक बदल झाला आहे. उलव्याच्या घराचा अर्ज असो, तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराची तक्रार असो वा विहिरीचा वाद असो, मी आता वस्तू पाहिल्याशिवाय लिहीत नाही. लोक मला बाजूच्या लेखकापेक्षा संथ म्हणू लागले आहेत. ते मला मान्य आहे. जुन्या कागदावरून नवा कागद करताना अक्षर कितीही सुबक आले, तरी चूक सुबकपणेच पुढे जाते.

एक बाब मात्र शिल्लक आहे. जैनबबींची पुंगळी पुरावा म्हणून ठाण्याच्या फाइलला जोडली गेली, ती अद्याप तिथेच आहे. दोन दिवसांचा माझा शब्द होता. आपट्याला गेलो की जैनबचाची चहा देतात आणि पदराला टोचलेल्या सुया दाखवतात.

सबब विनंती की, प्रकरण निकाली निघालेले असल्याने सदर रिकामी पुंगळी, दहा बोअर, बुडावर खूण मध्यापासून खाली, सोबत लाकडी बूच एक, ही मूळ मालकीण जैनबबी यांना परत देण्याचा आदेश व्हावा. ही वस्तू मी स्वतः पाहिलेली आहे. होकार असो वा नकार, लेखी उत्तर मिळावे. ते घेऊन आपट्याला मी स्वतः जाईन.

अर्जदार व अर्ज लिहिणार एकच,
रघुनाथ