कातळाची वाटणी

बेटावरच्या धक्क्यालगत एक लाकडी केबिन होती आणि तिच्या खिडकीत एक बाई बसायची. गाव तिला तिकीटताई म्हणायचं. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बेटावरून जो जाईल त्याचं तिकीट ती फाडायची. कोण कशाला जातंय, कधी परत येणार, हे न विचारताच तिला कळायचं. स्वतः मात्र ती अकरा वर्षांत लाँचमध्ये बसली नव्हती. गरजच काय, असं म्हणायची.

वडील गेल्यावर दोघी बहिणींत वाटणी झाली, तेव्हा ताईने धक्क्याजवळचं घर आणि त्यामागची सपाट जमीन घेतली. धाकटीला उरला उत्तरेकडचा उतार. नुसता कातळ, काटेरी झुडपं आणि दुसऱ्यांच्या शेळ्या. धाकटी तेव्हा पलीकडच्या शहरात नुकतीच संसाराला लागली होती. तिने कागदावर सही केली आणि म्हणाली, "बघू या." वडिलांचं शेवटची नऊ वर्षं ताईनेच केलं होतं, म्हणून गावालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे धक्क्यापाशी गाळ साचत गेला. ओहोटीला लाँच लांब उभी राहायची आणि माणसं गुडघाभर चिखलातून चालत यायची. शेवटी सरकारने एक इंजिनिअर पाठवला. त्याने चार दिवस दोरीला वजन बांधून बेटाभोवतीचं पाणी मोजलं आणि तिकिटाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, उत्तरेला पाणी मस्त खोल आहे. नवा धक्का तिथेच होणार. तो उतार कुणाचा आहे?"

"माझ्या बहिणीचा," ताई म्हणाली.

त्या दिवशी तिने दोघांना चुकीच्या तारखेची तिकिटं दिली. घरी आली तरी डोक्यातून तो उतार जाईना. धक्का तिथे म्हणजे रस्ता तिथे, दुकानं तिथे, येणारा-जाणारा पहिलं पाऊल टाकणार ते धाकटीच्या जमिनीवर. आणि आपण? बंद पडलेल्या धक्क्यापाशी चिखलाचा वास घेत बसायचं. जिने वडिलांना एकदा आंघोळ घातली नाही, तिच्या पदरात आयतं घबाड! भाजीत मीठ दोनदा पडलं, तेही तिने धाकटीच्याच नावावर मांडलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"ताई, ऐकलंस का? माझा तर विश्वासच बसेना. साहेबांना हद्द तूच दाखव हं. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"दाखवते," ताई म्हणाली. मग राहवलं नाही. "तुझं बाई नशीबच मोठं."

ती इंजिनिअरबरोबर उतारावर गेली. हद्दीचे दगड तिने अगदी चोख दाखवले, एक वीतही इकडची तिकडे केली नाही. परत निघताना त्याने वही उघडून सहज विचारलं, "इथे दरडबिरड कोसळते का हो?"

"दर पावसाळ्यात," ताई म्हणाली. "मागच्या वर्षी दोन शेळ्या गेल्या."

त्याने ते लिहून घेतलं. ताईला आधी घाम फुटला, मग फार गार वाटलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. उताराची जागा धोक्याची म्हणून नवा धक्का रद्द, आणि जुन्या धक्क्यावर लाँच आता आठवड्यातून तीनच दिवस, तीही भरतीची वेळ पाहून. ते पत्र ताईनेच खिडकीवर चिकटवलं. धाकटी फोनवर रडली. ताईने तिची समजूत घातली आणि ती चांगली घातली गेली, याचंही तिला थोडं समाधान वाटलं.

त्यानंतर महिन्याभरात गिरणीवाल्याचा हात पट्ट्यात सापडला. फोन करून लाँच बोलावली, पण ओहोटी होती आणि गाळ आता कमरेएवढा, त्यातून त्याला नेता येईना. तीन तास ती समोर पाण्यात उभी, आणि गिरणीवाला टॉवेलमध्ये हात गुंडाळून ताईच्या केबिनमध्ये स्टुलावर. पीठ आणि रक्त मिळून टॉवेलची लापशी झाली होती. ताई त्याला पाणी पाजत होती.

"ताई," तो म्हणाला, "मी त्या उतारावर लहानपणापासून शेळ्या चारल्या. एक खडा घरंगळलेला पाहिला नाही. साहेबांना दरड कुठून दिसली कोण जाणे."

तो टोमणा होता की साधं बोलणं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने पेला खाली ठेवला.

त्याची दोन बोटं गेली. ते कळलं त्या आठवड्यात तिने स्वतःचं तिकीट फाडलं, नेहमीच्या सवयीने शिक्का मारला आणि लाँचमध्ये जाऊन बसली. सारंग सुकाणू धरायचं विसरून बघतच राहिला. "ताई, तुम्ही?"

"का, मी प्रवासी नाही का?"

शहरातलं ते कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. इंजिनिअर डबा खात होता.

"साहेब, तिथे दरड कोसळत नाही. मी खोटं सांगितलं."

त्याचा घास हातातच राहिला. "का पण?"

"जमीन बहिणीची आहे."

त्याने डबा बंद केला. मग हात धुऊन आला आणि कपाटातून फाईल काढत म्हणाला, "मला दोन भाऊ आहेत. बसा. हे सगळं लेखी द्यावं लागेल."

तिने लेखी दिलं. तिथून ती धाकटीकडे गेली. घर दोन खोल्यांचं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली गाड्यांचा गोंगाट. धाकटीने चहा ठेवला. ताईने चहा व्हायच्या आतच सगळं सांगून टाकलं. धाकटीने गॅस बंद केला.

"वाटणीत तू निवडलंस, ताई. मी निवडलंच नाही. तू दिलंस ते घेतलं. तेही तुला बघवलं नाही?"

"नाही बघवलं," ताई म्हणाली.

चहा पातेल्यातच राहिला. पुढे दीड वर्ष दोघी बोलल्या नाहीत.

उताराची पुन्हा पाहणी झाली, भोकं पाडून कातळ तपासला आणि धक्का तिथेच झाला. आता लाँच रोज दोनदा येते, भरती असो की ओहोटी. माणसं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात. ताईची खिडकीही तिकडे हलली. सिमेंटची केबिन आहे, पंखा आहे. गावात तिच्या खोटेपणाची कुणकुण लागलीच होती. काहींनी तोंडावर सुनावलं, काही अजून तिकीट घेताना तिच्याकडे बघत नाहीत. गिरणीवाला मात्र पूर्वीसारखाच बोलतो, आणि तेच तिला सर्वांत जड जातं.

धाकटीने रस्त्यालगत निळ्या पत्र्याचं घर बांधलं. पाहुण्यांना खोल्या देते. नवरा निवृत्त झाला तशी दोघं इथेच राहायला आली. पहिल्या दिवशी ती खिडकीशी आली, म्हणाली, "ताई, घर बघायला ये." ताई गेली. प्रत्येक खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकीच्या कड्या लावून पाहिल्या. काही खोट सापडेना, तेव्हा जेवून आली.

लाँचमधून उतरणारे कधी कधी विचारतात, "ते निळं घर कुणाचं हो?"

"बहिणीचं," ताई सांगते. "खोल्या स्वच्छ आहेत." आणि तिकीट पुढे सरकवता सरकवता म्हणते, "दुपारी तापतं मात्र फार."

रविवारी दोघी एकत्र जेवतात. धाकटी हल्ली शहरातल्या, भाड्याने दिलेल्या घराची तक्रार करते, ताई ऐकते. परवा धाकटी म्हणाली, पुढच्या महिन्यात आपण दोघी चार दिवस कुठेतरी फिरून येऊ. ताईने रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. अजून दिलेला नाही.