उशिराची रोपं

काचबाईचा उजवा अंगठा चपटा होता. तो चपटा कसा झाला हे सांगितलं की तिचं निम्मं आयुष्य सांगून होतं.

टोमॅटोच्या कोवळ्या मुळाचं टोक रंगात भिजवून काचपट्टीवर ठेवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने असं दाबायचं की आतल्या पेशी पसरल्या पाहिजेत, पण काच केसभरही सरकता कामा नये. सरकली की सगळा चिखल. हे तिने संशोधन केंद्रात एकोणतीस वर्षं केलं, दिवसाला तीस-तीस वेळा. पदव्या घेतलेल्यांच्या काचा तडकायच्या, हिची नाही. कागदोपत्री ती मदतनीस, म्हणजे बाटल्या धुणारी. मोजणीचं काम तिला लेखी कुणी दिलंच नाही. ते आपलं अंगावर पडलं आणि अंगालाच चिकटलं.

मोजायचं काय, तर गुणसूत्रं. पेशीत बारीक धाग्याच्या तुकड्यांसारखी दिसतात, झाडाचा सगळा वारसा त्यांच्यावर. टोमॅटोत ती चोवीस. पण लाखात एखाद्या झाडात एक जादा येतं, पंचविसावं. असं झाड दिसायला किडकिडीत, पानं अरुंद, फळं जेमतेम. पण कुठला गुण कुठल्या गुणसूत्रावर बसलाय हे शोधणाऱ्याला ते सोन्यासारखं. मोठ्या साहेबांना, केंद्राच्या जुन्या प्रमुखांना, असं एक झाड सापडलं आणि त्याचा वंश टिकवायचं काम काचबाईकडे आलं.

"बाई, यात एक गोम आहे," साहेब म्हणाले होते. "हे जादाचं आईकडून येतं. बापाकडून जवळजवळ नाहीच. जादाचं ओझं घेतलेला परागकण शर्यतीत मागे पडतो, मोकळे असतात ते आधी पोचतात."

"म्हणजे झाडांतही ओझं बाईच्याच गळ्यात!" काचबाई फटकन म्हणाली. साहेब खो-खो हसले.

आणि आई तरी ते सगळ्या लेकरांना कुठे देते? चार-पाचांतल्या एखाद्याला. बाकीची पोरं अगदी चारचौघांसारखी, चोवीसवाली. म्हणून दर हंगामाला पेरायचं, प्रत्येक रोपाचं मूळ काचेखाली घालायचं, पंचवीसवाली निवडायची, त्यांचंच बी धरायचं. डोळ्यांत तेल घालून मोजायचं. त्यातही ही लेकरं रडतराऊ! बी बारीक, उगवायला आठवडाभर उशीर, वर आलं तरी मान टाकलेलं. शेजारची धट्टीकट्टी रोपं त्यांचं ऊन खाऊन टाकायची. काचबाई या रडक्यांना वेगळ्या ट्रेमध्ये काढून चमच्याने पाणी घालायची. "या बयांनो, सावकाश या," म्हणायची. असं म्हणायला घरी तिचं स्वतःचं कुणी नव्हतंच.

घर म्हणजे दादाचं. लग्न जमलं नाही, आणि मग जमवायचं राहूनच गेलं. जिन्याखालच्या खोलीत तिची खाट, खाटेखाली पेटी. वहिनी वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. एकदा गच्चीत कुंड्या आणल्या तेव्हा म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे टोमॅटोचं बी ढिगाने असेल. आणा की चिमूटभर."

"केंद्राचं बी बाहेर जात नाही, वहिनी."

"अहो, चिमूटभर बियांनी काय केंद्र बुडणारे?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं बाई! जन्मभर त्यांची राखण करा. म्हातारपणी तेच येतील पाणी द्यायला!" वहिनी दोन दिवस धड बोलली नाही. काचबाईला मात्र आपण फार ताठ वागलो याचा अभिमानच वाटला. गेटवर रोज पिशवी तपासायचे. तिने तपासणाऱ्याला कधी एक दाणा सापडू दिला नाही, कारण तो नसायचाच.

मोठे साहेब गेले. शोधनिबंधात तुमचं नाव घालू म्हणाले होते, ते त्यांच्याबरोबरच गेलं. तेही तिने गिळलं. पण निवृत्तीला महिना उरला तेव्हा ती नव्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "मला निरोप-समारंभ नको. माझ्यामागे ही पंचवीसवाल्यांची ओळ तेवढी राहू द्या. मी दुसरं काही मागे ठेवत नाहीये."

"काळजी करू नका, बाई. सगळं लिहून द्या."

तिने चार दिवस बसून लिहिलं. अर्धं बी राखून ठेवा. परागीकरण करताना आई पंचवीसवाली घ्या. आणि खाली दोनदा रेघ मारून: उशिरा उगवलेली, बारकी रोपं टाकू नका, तीच आपली. कागद फाइलला लावला गेला.

आठ महिन्यांनी फोन आला. नव्या साहेबांचा आवाज चढलेला. "बाई, तुमच्या बियांच्या पाकिटात एकही पंचवीसवालं नाही. इतकी वर्षं तुम्ही मोजत काय होतात?"

ती धावतपळत गेली. साठ रोपं, एकाहून एक गुटगुटीत. दोन दिवस अंगठा ठणकत असताना तिने एकूण एक मोजली. चोवीस. चोवीस. चोवीस.

"उशिरा उगवलेली कुठंयत?" तिने विचारलं.

"ती मरतुकडी? काढून टाकली. रोगट रोपं ठेवतं का कुणी?"

"आणि राखलेलं बी?"

"जुनं होतं, म्हणून सगळंच पेरलं."

तिने फाइल मागितली. तिचा कागद तिथेच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्याच्यावर नव्या साहेबांचं टिपण लावलेलं: पूर्वीच्या मोजणीच्या अचूकतेबद्दल शंका, मदतनीस अप्रशिक्षित. वरच्या कचेरीत ते रवानाही झालं होतं. तिने आपला कागद त्यांच्यासमोर उघडून ठेवला आणि दोन रेघांवर अंगठा टेकला.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "असं असेल तर हे आम्हाला तोंडी सांगायला हवं होतं, बाई."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते काचबाईला त्या खुर्चीपुढे कळलं. ती तडक शेडमागच्या खताच्या ढिगाऱ्यापाशी गेली, हाताने उकरलं. इतक्या दिवसांत तिथे काय राहणार! काळी माती, अंड्यांची टरफलं, भुसा.

गेटवर रखवालदाराने सवयीने हात पुढे केला. "पिशवी, काचबाई."

तिने उघडून दाखवली. चष्मा, रुमाल, पाण्याची बाटली.

"तुमच्या पिशवीत कधी काही नसायचंच," तो कौतुकाने म्हणाला. "तुमच्यासारखं प्रामाणिक माणूस नाही पाहिलं."

काचबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हात मागे घेऊन उभा राहिला.

"वहिनीने चिमूटभर मागितलं होतं रे," ती म्हणाली. "चिमूटभरच. आज गच्चीत असतं."