गुडघाभर पाणी

मोटर कोरडी चालल्याचा जळका वास आला की मला तो वैशाख आठवतो. पूर्णेची धार आटली होती आणि आमच्या वांग्यांच्या वावराशी तेवढा एक डोह उरला होता. नदीत मासे धरणाऱ्या मावशींनी त्यात जाळं टाकणं कधीच थांबवलं होतं. "भाऊ, मोटर लावा, पन गुडघाभर पानी राहू द्या. याच डोहातलं मासोळ्यांचं बी पावसाळ्यात साऱ्या नदीत जाते," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं, मोटर सुरू केली आणि अकोटला लग्नाला निघून गेलो. संध्याकाळी परतलो तर मोटर कोरडीच घुरघुरत होती आणि मावशी चिखलात बसून तडफडणारी पिल्लं पाण्याच्या घमेल्यात वेचत होत्या. "गडी बंद करायला विसरला," मी म्हणालो. त्या दिवशी गडी आलाच नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पानी पडेपर्यंत तुमच्या इहिरीत सोडू काय?" नदी वाहती झाल्यावर त्या आल्या, अर्धे मासे नदीत सोडायला घेऊन गेल्या, अर्धे पुढच्या सालासाठी ठेवले. आजही आमच्या विहिरीत मासे फिरतात. पाहुणे कौतुकानं वाकून बघतात, आणि हे मीच जगवले, असं मी त्यांना सांगतो.